एक जूनला जन्मलेलं घर

अशी कल्पना करा, की तुम्हाला तुमच्या लेकीचं वय शोधून काढायचंय. शाळेचा दाखला बघायचा नाही आणि आधारकार्डही नाही, कारण दोन्हीवरची तारीख खोटी आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दवाखान्यात नोंद मिळणार नाही, कारण जन्म दवाखान्यात झालाच नाही. तो झाला उसाच्या फडाशेजारी, मोकळ्या रानात, घोंगड्यावर. गाव कुठलं होतं ते आठवतं. थंडी होती हेही आठवतं. साल मात्र आठवत नाही, कारण तेव्हा तुमच्या घरात सालं मोजायची रीतच नव्हती. आणि पंधरा दिवसांत हे वय तुम्हाला डॉक्टरांपुढे ठेवायचंय. कुठून सुरुवात कराल?

मायानं मेंढीपासून सुरुवात केली.

माया राहते औंधच्या पूर्वेला, माळावरच्या एका वस्तीत. पंधरा-वीस घरं, सगळी मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या रानात उतरायचं, कुणाच्या तरी शेतात खतासाठी ती बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचं, असं या घरांचं वर्ष. मायानंही लग्नानंतर आठ-नऊ वर्षं असंच काढलं. मग तिची थोरली, समीक्षा, तळावर बसून दगडानं जमिनीवर अक्षरं काढायला लागली. कुठल्या तरी बिस्किटाच्या पुड्यावरची ती अक्षरं होती. मायानं नवऱ्याला, धनाजीला, सांगून टाकलं की आता तुमी मेंढरं घेऊन जावा, मी पोरगी घेऊन वस्तीवर राहणार. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी सोळा मेंढ्या वेगळ्या काढून ठेवल्या.

शाळेत नाव घालायला ती गेली तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. माया म्हणाली, पलूसच्या रानात झाली, हिवाळ्यात. गुरुजींनी पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोरगी किरकोळ. पहिलीत घालायची तर सहा वर्षं पुरी दिसायला हवीत म्हणून त्यांनी त्या हिशेबानं एक जून दोन हजार दहा लिहून टाकलं. मायाला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिची स्वतःची जन्मतारीख एक जून होती. धनाजीची एक जून, सासरे कोंडीबा यांचीही एक जून. कागदाला लागते म्हणून असते तशी ती तारीख, एवढंच तिला माहीत होतं.

त्या तारखेचं ओझं पुढं आठ वर्षांनी कळलं.

समीक्षा नववीत गेली तरी तिला पाळी आली नव्हती. चुलत्याची पोरगी तिच्याहून दीड वर्षानं धाकटी, तिला येऊन वर्ष झालं. तिची ओटी भरली, मामानं हिरवी साडी आणली, पोरगी शहाणी झाली म्हणून भावकीच्या बायका जेवून गेल्या. समीक्षाच्या मामानंही साडी केव्हाच आणून दिली होती, ती ट्रंकेत घडी मोडायची वाट बघत पडली होती. बायका विचारायच्या. पहिल्यांदा सहज, मग जरा आवाज खाली घेऊन. एकजण म्हणाली की एखादी मेंढी अशी असते बघ, नुसती वाढते. माया तिथल्या तिथं म्हणाली, "माझी पोरगी मेंढी न्हाई," आणि उठून आली.

ती स्वतः मात्र वर्षभर नुसती थांबली होती. आज येईल, उद्या येईल. मनातून भीती वाटायची, पण ती बोलून दाखवायची म्हणजे पोरीलाही घाबरवायचं, असं तिला वाटत होतं. पोरगी काही बोलत नाही म्हणजे तिच्या डोक्यात काही नसावं, अशीही तिनं समजूत करून घेतली होती.

ती समजूत दिवाळीनंतर बिरोबाच्या जत्रेत गेली. ढोल वाजत होते, भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं होतं. माया दर्शनाच्या रांगेत उभी होती, पुढं सासरा, मागं जावा. समीक्षा कुठं दिसेना. रांग वळली तेव्हा मायाला ती दिसली, देवळाच्या आवाराबाहेर, बाभळीखाली. अडचण असलेल्या बायका-पोरी तिथं थांबतात. चार-पाच मुली होत्या, सगळ्या तिच्या वर्गातल्या. समीक्षा त्यांच्यातली होऊन उभी होती, ओटीपोटावर हात ठेवून, तोंड वेडंवाकडं करून काहीतरी सांगत होती. बाकीच्या माना डोलावत होत्या.

मायाला रांगेत पुढं सरकायचं भान राहिलं नाही. मागच्या जावेनं ढकललं तेव्हा ती हलली. देवापुढं गेल्यावर मागायचं काय तेही तिला सुचेना. तिच्या डोळ्यांपुढं ती बाभळच होती.

घरी आल्यावर तिनं पोरीला काही विचारलं नाही. समीक्षा पाण्याला गेल्यावर तिनं ट्रंकेमागं हात घातला, कारण पोरगी अलीकडे तिथंच काहीबाही ठेवायची. शाळेत मुलींना देतात ती पॅडची पाकिटं निघाली. अकरा. एकही फोडलेलं नाही. दर महिन्याला रांगेत उभं राहून, सगळ्यांसारखं नाव सांगून तिनं ती आणली होती.

समीक्षा घागर घेऊन आत आली आणि ट्रंकेपुढं मांडलेली पाकिटं बघून दारातच थांबली.

"मम्मी, मी चोरलेली न्हाईत," ती म्हणाली.

"मला म्हाईत हाय. बस हितं."

त्या संध्याकाळी दोघी बराच वेळ बोलल्या. म्हणजे समीक्षा बोलली आणि माया ऐकत राहिली. वर्गात कुणाला केव्हा आली याची पोरींनी यादी केली होती. शेवटी तिघी राहिल्या, मग दोघी, मग ही एकटी. तेव्हा हिनं एक दिवस सांगून टाकलं की मलाही आली. त्यानंतर दर महिन्याला तारीख लक्षात ठेवून तीन दिवस पोट दुखवून घ्यायचं काम लागलं. खोटं लपवायचं म्हणजे किती कष्ट असतात ते तिनं आईला अगदी बारकाईनं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "माझ्यात काय कमी हाय का गं?"

मायानं पाकिटं गोळा करून बाजूला ठेवली. ती म्हणाली, "मला म्हाईत न्हाई. ज्याला म्हाईत असंल त्याला इचारू."

धनाजीला तिनं फोनवरच सांगितलं. तो कडेगावच्या बाजूला तळावर होता. तो म्हणाला, येईल की, घाई काय. माया म्हणाली, घाई तुमाला न्हाई, तिला हाय. तेव्हा तो म्हणाला की जाऊन या. सुगी, थंडी-ताप, एक ना दोन, असं करत करत फेब्रुवारी उजाडला. तेव्हा कुठं मायलेकी तालुक्याच्या गावी डॉक्टरबाईंकडे जाऊन बसल्या.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. समीक्षाला त्यांनी आधी शाळेचं विचारलं, मग खाण्यापिण्याचं. उंची मोजली, वजन केलं, पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर येऊन कागदावर बघत म्हणाल्या की मुलीचं अंग वाढीला लागलंय, हे चांगलं लक्षण. वय साडेचौदा. या वयात अजून आली नसेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, काही मुलींची उशिरा येते. पंधरा पुरी झाली आणि तरी नाही आली, तर तपासण्या लावू. सहा महिन्यांनी या.

मायाच्या छातीवरचं ओझं उतरलं. समीक्षानंही मान वर केली. मग डॉक्टरबाईंनी कागदावर आईची माहिती लिहायला घेतली. नाव, जन्मतारीख.

"एक जून," माया म्हणाली.

"वडिलांची?"

"एक जून."

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. मुलीचा कागद परत बघितला. तिथंही एक जून.

"घरात आणखी कोण आहे?"

"सासरं हायत. त्यांची बी त्येच हाय."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, म्हणजे तुमच्या घरी एकच केक पुरतो. समीक्षाही हसली. पण बाईंचं हसू लवकर ओसरलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मायाला विचारलं, ही खरी कधीची?

माया सांगायला लागली. पलूस, ऊस, थंडी. साल विचारल्यावर अडखळली. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. मुलगी खरोखर साडेचौदाची असेल तर थांबणं बरोबर आहे. पण पंधराच्या पुढची असेल, तर मी आत्ता जे बोलले ते सगळं चुकीचं होतं. मग थांबायचं नाही, सोनोग्राफी, रक्त, सगळं आत्ता करायचं. तपासण्या मी अंदाजानेही लावू शकते, पण रिपोर्टमधला प्रत्येक आकडा मुलीच्या वयाशी ताडून बघायचा असतो. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस घ्या. मला अंदाज नको, तारीख आणा. नाही मिळाली तरी या, पण शोधा."

एसटीत समीक्षा खिडकीकडे तोंड करून बसली होती. साडेचौदा म्हणजे काळजी नाही, हे ऐकून तिला आलेलं बळ अर्ध्या तासात गेलं होतं. औंधचा डोंगर दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "तू कशाला सांगितलंस? साडेचौदाच बरं हुतं की."

"बरं हुतं," माया म्हणाली. "खरं हाय का बघू."

समीक्षा जन्मली तेव्हा आजोबानं, म्हणजे कोंडीबांनी, तिच्या नावानं एक कोकरू सोडलं होतं. त्याच हिवाळ्यातलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. तिचं नाव चांदी. चांदीचा वंश पोरीचा, असा घरात शब्द होता. कोंडीबांना माणसांची वयं सांगता यायची नाहीत, पण कळपातल्या कुठल्या मेंढीनं कितीदा कोकरू दिलं ते तोंडपाठ होतं. माया त्यांच्यापुढं बसली. सुनेला कशासाठी वय लागतंय ते म्हाताऱ्याला पुरतं माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पण दोघांनीही शेवटपर्यंत त्या गोष्टीचं नाव घेतलं नाही.

"मामा, चांदीनं पयलं कोकरू कवा दिलं?"

"दुसऱ्या हिवाळ्याला."

"आनि एकंदर किती दिली?"

"आठ. आठवं म्हंजे ही मोरी," कोंडीबांनी कुंपणापाशी रवंथ करत बसलेल्या काळ्या मेंढीकडे काठी केली. "मोरीला आता सहा हिवाळं झालं. दात बघ तिचं."

मायानं बोटं घातली. दुसऱ्या हिवाळ्यापासून आठ कोकरं म्हणजे नववा हिवाळा. त्यात मोरीचे सहा. पंधरा झाले. पण लगेच तिला आठवलं की मध्ये एक साल चांदी रिकामी गेली होती. त्या साली तिला दूध नव्हतं, समीक्षाला दुसऱ्या मेंढीचं पाजावं लागलं होतं. म्हणजे सोळा.

कोंडीबांनी मान हलवली. त्यांच्या मते चांदी कधीच रिकामी गेली नाही. उलट एका साली तिनं दोनदा दिलं होतं, आषाढात एक आणि माघात एक. म्हणजे चौदाच.

"रिकामी गेली हुती, मामा."

"माझ्या कळपातली मेंढी मला सांगतीस व्हय?"

"दूध मी काडत हुते."

त्यावर कोंडीबांनी बंडीच्या खिशातून तंबाखू काढली. चौदा, पंधरा, सोळा. डॉक्टरबाईंना नेमकं जे हवं होतं तेवढंच मेंढीला सांगता येईना. संध्याकाळी धनाजीला फोनवर हे सांगितल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, त्या बाईला तू मेंढी मेंढी करू नगं म्हनालीस, आनि आता तूच पोरीला मेंढीचं गनित लावतीस व्हय? मग हसू आवरून त्यानंच विचारलं, "माये, त्या रानातली म्हातारी आठवती का? पलूसची. तिच्या नातीचं बारसं हुतं बघ."

मायाच्या हातातला फोन कानापाशीच राहिला. बारसं. गोड जेवण. पत्रावळीवरची खीर. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या कळा.

ती म्हातारी म्हणजे लक्ष्मीबाई. कालव्याच्या कडेला त्यांचं दोन एकराचं रान होतं, बौद्ध कुटुंब, मुलगा बुद्धभूषण साखर कारखान्यात कामाला. त्या रानात या लोकांनी तीन-चार हिवाळे मेंढरं बसवली होती. नंतर वाट बदलली आणि ते घर मागं पडलं. नातीचं वय कुठल्या तरी कागदावर असणारच, आणि ते खरं असणार, कारण ती दवाखान्यात जन्मली होती हे मायाला आठवत होतं. सून दवाखान्यातून घरी आली तेव्हा रिक्षाला फुगे बांधले होते.

दुसऱ्या दिवशी मायानं भाकरी बांधून घेतली, मेंढ्या सासऱ्यावर सोपवल्या आणि निघाली. औंधहून विटा, विट्याहून पलूस. गावाचं तोंडच बदललं होतं. तिच्या आठवणीत स्टँडपासून कालव्यापर्यंत नुसता ऊस होता, आता दुतर्फा दुकानं आणि मागं द्राक्षबागांचे मांडव. पत्ता असा तिच्याकडे काही नव्हताच. ती कालव्याच्या कडेनं चालत राहिली. पायाला रस्ता ठाऊक होता, डोळ्यांना पटत नव्हता. एका मोटारीच्या खोलीपाशी तिनं बुद्धभूषण नाव सांगितलं, तेव्हा माणसानं समोरचंच घर दाखवलं. रानाच्या जागी बाग होती, पण कोपऱ्यातलं जांभळाचं झाड तेच होतं.

लक्ष्मीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आता चांगल्याच थकलेल्या. मायानं नाव सांगितलं तरी ओळख पटेना. मग ती म्हणाली की बारशाच्या दुसऱ्या दिशी जांभळाखाली बाळंत झाले हुते.

म्हातारीनं ताट बाजूला सारलं. "मेंढराची माया? तू हायस व्हय गं? नाळ मी कापली तुझी. नवं ब्लेड आनाय लावलं हुतं भूषणला."

चहा झाला. मायानं कशासाठी आले ते सरळ सांगितलं. इतक्या महिन्यांत परक्या माणसापुढं एवढं उघड बोलायची तिची ही पहिलीच वेळ. लक्ष्मीबाईंनी मध्ये एकदाही तोंडाला पदर लावला नाही की चुकचुक केली नाही. त्यांनी नातीला हाक मारली. आतून प्रियदर्शनी आली, अकरावीत शिकणारी, उंच, केस मोकळे, कानात फोनची वायर. माया तिच्याकडे बघतच राहिली. ही आणि समीक्षा तेरा दिवसांच्या फरकानं या जगात आल्या होत्या.

प्रियदर्शनीनं कपाटातून स्वतःचा जन्मदाखला आणि एक अल्बम आणला. दाखल्यावर सहा जानेवारी दोन हजार नऊ होतं. अल्बममध्ये नामकरणाचे फोटो. पाळणा, बुद्धमूर्ती, पांढऱ्या साडीतल्या बायका, रांगोळी. एका फोटोत मागं जांभळाचं झाड होतं आणि त्याखाली पत्रावळीपुढं बसलेली, पोट पुढं आलेली एक मुलगी. फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकडे उमटले होते. प्रियदर्शनीनं ते वाचून दाखवले, अठरा, एक, दोन हजार नऊ. मोबाईलमध्ये बघून म्हणाली की रविवार होता.

"मग सोमवारी तू मोकळी झालीस," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "बारशाची खीर उरली हुती, तीच दिली तुला."

एकोणीस जानेवारी दोन हजार नऊ. समीक्षाला सोळा पुरी होऊन महिना झाला होता. म्हणजे चांदी त्या साली रिकामी गेली होती, मायाचंच खरं होतं. पण तिला त्याचा आनंद झाला नाही. ती फोटोकडे बघत होती. पत्रावळीपुढची ती मुलगी हुबेहूब समीक्षा होती. तीच हनुवटी, तसेच बारके दंड.

लक्ष्मीबाईंनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "केवढीशी हुतीस गं तू. मला तर वाटलं, शाळकरी पोर बाळंत हुतीया."

प्रियदर्शनीनं दोन्ही कागदांचे फोटो मायाच्या मोबाईलवर पाठवले. निघताना लक्ष्मीबाईंनी समीक्षासाठी द्राक्षं बांधून दिली आणि सांगितलं की पोरीला एकदा घेऊन ये, दोघी बघू दे एकमेकींना.

समीक्षा वस्तीच्या फाट्यावर येऊन थांबली होती. मायानं मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं दाखला मोठा करून वाचला, फोटोवरची तारीख वाचली, बोटांवर मोजलं आणि मोबाईल परत दिला.

"म्हंजे मी सोळाची."

"व्हय."

"म्हंजे आनखीच वाईट."

मायानं पिशवी खाली ठेवली. पोरीला खोटा धीर द्यायचा नाही, हे तिनं पलूसपासून इथपर्यंत ठरवत आणलं होतं. "वाईट का चांगलं ते डॉक्टरबाई सांगतील," ती म्हणाली. "पर साडेचौदाची म्हनून सहा म्हैनं आजून थांबलो असतो, आनि तू आजून सहा पाकिटं ट्रंकंमागं सारली असतीस. ते आता हुनार न्हाई. परवा जायचं. उद्या डोकं धू."

समीक्षानं द्राक्षांची पुडी उघडली. एक तोंडात टाकलं. "आंबट हायती," ती म्हणाली, आणि घरापर्यंत येताना सगळी संपवली. कोंडीबा दारातच होते. मायानं तारीख सांगितली. म्हाताऱ्यानं हिशेब लावला, मोरीकडे बघितलं, आणि मग ते म्हणाले, "मग चांदी रिकामी गेली हुती म्हनायची."

डॉक्टरबाईंनी मोबाईलवरचे फोटो नीट बघितले आणि केसपेपरवर जुन्या तारखेवर एकच रेघ मारून नवी लिहिली. शाळेच्या कागदाचं तुम्ही सवडीनं बघा, म्हणाल्या, माझ्या कागदावर हीच राहील. त्याच दिवशी रक्त घेतलं. सोनोग्राफीला साताऱ्याला जायला सांगितलं.

साताऱ्याच्या त्या दिवशी दोघींच्या लक्षात राहील असं काय, तर पाणी. पोट भरून पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही, असं सांगितलं होतं. समीक्षानं एसटीतच दीड लिटरची बाटली संपवली, लवकर व्हावं म्हणून. पुढं साताऱ्यापर्यंत जेवढे गतिरोधक लागले तेवढ्यांना तिनं नावं ठेवली. एका मोठ्या गचक्याला ती म्हणाली की मम्मी, आता झालंच बघ. माया हसायला लागली, मग समीक्षाला हसू आलं, आणि हसणं तर आणखीच धोक्याचं, म्हणून ती रडकुंडीला आली. दवाखान्यात नंबर सतरावा होता. चौदाव्या नंबरच्या बाईनं तिचं तोंड बघून स्वतःच्या आधी तिला सोडलं.

आतल्या खोलीत अंधार होता. मायाला पडद्यावर करड्या ढगांपलीकडे काही दिसेना. ती पोरीचा पाय धरून उभी राहिली. मशीनवरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट लिहून दिला. तो पाकिटातून बाहेर काढून वाचावा असं समीक्षाला फार वाटत होतं, तिला इंग्रजी वाचता येत होतं. ती परतीच्या एसटीत शेवटच्या सीटवर पाकीट मांडीवर धरून बसली आणि तालुक्याचं गाव येईपर्यंत तिनं ते उघडलं नाही.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचायला दोन मिनिटं घेतली. मायाला ती फार मोठी वाटली.

"गर्भाशय आहे. दोन्ही अंडाशयं आहेत. सगळं जागच्या जागी आहे, फक्त अजून लहान आहे."

"हायत?" माया म्हणाली.

"आहेत."

समीक्षानं मान खाली घातली आणि ओढणीनं नाक पुसलं. डॉक्टरबाई तिच्याशीच बोलायला लागल्या, आईशी नाही. तुझ्यात काही कमी आहे, असं यात कुठं दिसत नाही. रक्त कमी आहे, वजन कमी आहे. तू डबा अर्धा परत आणतेस ना, ते बंद. गोळ्या घ्यायच्या. हार्मोनचे आकडे बघता शरीर तयारीला लागलंय असं वाटतं, पण मी आज शंभर टक्के सांगणार नाही. तीन महिन्यांनी परत बघायचं. तोवर नाही आली तर पुढच्या तपासण्या आहेत, आणि औषधंही आहेत. थांबायचं, पण आता आपण बघत बघत थांबतोय. तेवढा फरक आहे.

मग त्या मायाकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला कितव्या वर्षी आली होती? आईची उशिरा आलेली असेल तर मुलीची उशिरा येणं पुष्कळदा दिसतं. तुमचं कळलं तर मला हिच्याबद्दल जास्त खात्रीनं बोलता येईल."

मायाला सगळं आठवत होतं. लग्न होऊन सासरी आल्यावर दुसऱ्या कातरीला आली. मेंढ्यांची लोकर कातरत होते, हातात कातर होती, सासूनं तिला झाडाआड नेलं. मोराळ्याच्या बाजूचं रान होतं, वारा सुटला होता, लोकर उडत होती. वर्षाला दोन कातरी, म्हणजे लग्नानंतर वर्षानं. एवढं सगळं तिनं डॉक्टरबाईंना सांगितलं.

"आणि लग्नात किती वर्षांच्या होता?"

मायाच्याही कागदावर एक जूनच होता.

पुढच्या रविवारी ती समीक्षाला घेऊन माहेरी गेली, आटपाडीच्या बाजूला. शाळेतल्या मुलींचं काय झालं हे समीक्षानं एसटीत आपण होऊन सांगितलं. वर्गात एकीला अचानक आली, पाकीट नव्हतं, तेव्हा हिनं स्वतःचं दिलं. त्या मुलीनं विचारलं, तुला लागंल की. तर ही म्हणाली, मला अजून येत न्हाई. दोघीतिघींनी वळून बघितलं, आणि मग बाईंनी फळ्यावर गणित घातलं.

मायाची आई बयाबाई अंगणात उन्हाला बसली होती. कान पुरे गेले नव्हते, पण मोठ्यानं बोलावं लागे. कातरीचं तिलाही आठवत होतं. लेकीच्या सासूनं तेव्हा निरोप धाडला होता, आणि मामानं साडी नेऊन दिली होती. मायानं विचारलं, लगीन झालं तवा मी केवढी हुते? बयाबाईंनी जरा विचार केला, मग उजवा हात पुढं करून जमिनीपासून उंचीवर धरला. "एवढी."

मायानं समीक्षाला खांद्याला धरून त्या हाताखाली आणून उभं केलं. म्हातारीचा हात पोरीच्या कानापर्यंत आला. समीक्षा न हलता उभी राहिली, उंची मोजताना दवाखान्यात उभी राहिली होती तशी. बयाबाईंनी नातीकडे बघितलं, हात बोटभर खाली घेतला, परत वर केला.

माया आईच्या कानाशी वाकली.

"एवढी म्हंजे किती वर्सांची, आये?"